करडी घोडी

सकाळी सहाच्या सुमारास फ्रेंच घोडेस्वार ओढा उतरून आले आणि इंग्रज पायदळाची चौकी कापून परत गेले. चार ठार. कॉर्पोरल डॉब्नी मांडीत तलवार लागून त्यांच्या हाती सापडला. पोर्तुगालच्या सरहद्दीवरच्या या झटापटीला कोणी लढाई म्हणणार नाही.

तेव्हा चौकीच्या बंदुका बाजूला रचून ठेवलेल्या होत्या. महिनाभर या ओढ्यावर गोळी झडली नव्हती. दोन्हीकडची जनावरं इथंच पाणी पीत. हल्ल्याचा हुकूम आलाच, तर आधी टोपी हलवून इशारा द्यायचा, हे डॉब्नीनेच पलीकडच्यांशी तंबाखू ओढताना ठरवलं होतं.

आज टोपी हलली नाही. काल दुपारी वरच्या वळणावर आपल्याच घोडदळाच्या कॅप्टन लॅसेल्सने दबा धरून पाण्यावर आलेले दोन निःशस्त्र फ्रेंच पकडले, त्यांची करडी घोडी नेली आणि चौकीला कळवलंसुद्धा नाही.

आठ वाजता पलीकडून पांढरा रुमाल आला. दोन माणसं आणि घोडी द्या, कॉर्पोरल घ्या. नाहीतर दुपारी तो बैलगाडीने मागे जाईल. त्या रस्त्यावर तशी जखम घेऊन कोणी जगत नाही. डॉब्नी हा त्याच चौकीच्या सार्जंट ट्रँटरच्या बहिणीचा नवरा.

ट्रँटर तडक लॅसेल्सकडे गेला.

"साहेब, घोडी परत द्या."

"कुठली घोडी?"

"तुम्ही बसलाय ती."

"शत्रूशी आपापसात करार करता? फाशीच व्हायला पाहिजे तुम्हाला."

"द्या ना फाशी. आधी माझा माणूस आणा."

"हे युद्ध आहे, सार्जंट. लग्नाची बोलणी नाहीत."

"मग सकाळी कुठं होतात? आमच्या पाठीशी राहायचा हुकूम होता ना तुम्हाला? युद्ध तेव्हाही होतंच की!"

"घोड्यांना दाणा चालू होता."

मागे एक स्वार फिदीफिदी हसला.

"हस, हस," ट्रँटर त्याच्याकडे वळला. "उद्या पाण्यावर तुलाच धाडतील. टोपी कोण हलवतं बघू तुझ्यासाठी!"

त्याने घोडीचा लगाम धरला. लॅसेल्सने चाबूक मारला. लगाम सुटला नाही, तेव्हा चौघांनी मिळून ट्रँटरला खाली पाडलं.

कर्नलसाहेबांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि निर्णय वर विचारून देऊ म्हणाले. निरोप्या निघाला आहे. जायला-यायला दिवस लागतो.

दुपारी ट्रँटर अटकेत होता. पलीकडे बैल जुंपलेले दिसले. डॉब्नी गाडीच्या चाकाला टेकून बसला होता.