मी मुका नव्हतो!

मित्रांनो, मी एक जुना, स्वस्तातला प्लेअर आहे. साध्या सीडी तबकड्या तर मी वाजवतोच, पण ज्यांत फार बारीक, खोल आवाज साठवलेला असतो त्या खास तबकड्याही वाजवतो. आज माझं डोकं तापलंय, तेव्हा जरा सांभाळून ऐका.

जपानमधल्या हामामात्सु शहरात जुन्या मालाच्या दुकानात मी भंगाराच्या निळ्या क्रेटमध्ये पडून होतो. अंगावर चिठ्ठी, ‘आवाज येत नाही. परत घेणार नाही.’ अरे, का येत नाही ते बघा तरी! खास तबकडीची कुणी नक्कल करू नये म्हणून तिचा आवाज डिजिटल वायरीतून सोडायचाच नाही, असं मला बनवतानाच ठरलं. तो येतो साध्या लाल-पांढऱ्या वायरींतून. माझ्या पाठीवर तसं छापलंय. पहिल्या मालकाने ते वाचलंच नाही आणि मला मुका ठरवून टाकलं.

एक दिवस सुमिएबाई दुकानात आल्या. शाळेच्या स्वयंपाकघरात राबून म्हाताऱ्या झालेल्या. त्यांची धाकटी बहीण चिझु कोतो हे तारांचं जपानी वाद्य वाजवायची. ती वारली, आणि तिच्या वादनाची एकच तबकडी मागे राहिली. तीही नेमकी खास जातीची, साध्या प्लेअरवर न चालणारी. बाईंनी ती घरच्या देव्हाऱ्यात चिझुच्या फोटोपुढे ठेवली. रोज उदबत्ती लावली, चहा ठेवला. ऐकली मात्र नाही. तीन वर्षं!

याला कारण त्यांचे दीर, तोशिरो. स्वतःकडे फक्त काळ्या रेकॉर्डींचा थाट, पण सल्ला सगळ्यांना. त्या दिवशीही ते सोबत होतेच.

“याचा डबा पातळ आहे. त्याचा आवाज कोरडा. वहिनी, थोडं थांबा, पैसे साठवा, चांगलं मशीन घेऊ. असल्यावर लावणं म्हणजे चिझुचा अपमान.”

“भावजी, माझे कान थांबतायत का? डॉक्टर म्हणाले, कमी कमी होत जाणार.”

“घाईत घेतलेलं वाया जातं.”

बाईंनी रागाने क्रेटमधून मलाच उचललं. “यावर लिहिलंय, त्या तबकड्या चालतात. हाच घेते.”

“अहो, मुका आहे तो!”

“बरंय की. तुमच्यासारखी बडबड तरी करणार नाही.”

घरी तोशिरोंनी खिशातून सोनेरी टोकांची डिजिटल वायर काढून मला बाईंच्या स्पीकरला जोडलं. पुन्हा तीच! मी जीव तोडून तबकडी फिरवत होतो आणि खोलीत चिडीचूप.

“पाहिलंत? सांगत नव्हतो?” वायर गुंडाळून ते निघाले.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पण हार मानणारी बाई नव्हती ती. माझ्या पाठीवर छापलेलं वाचलं, जुन्या टेपच्या लाल-पांढऱ्या वायरी काढल्या, रंगाला रंग बघून खोचल्या. आणि कोतो वाजलं! दारात बूट चढवणारे तोशिरो एका पायात बूट घालून तसेच आत आले.

“खालचे सूर जरा…”

“बसा हो, आणि तोंड मिटा!”

बाई स्पीकरला कान लावून बसल्या. मी उंच तारांचे सूर सोडत होतो, पण मधूनच त्या विचारायच्या, “थांबली का ती?” थांबली नव्हती, मित्रांनो. ते सूर आता त्यांच्या कानांपर्यंत पोचतच नव्हते. तीन वर्षांपूर्वी पोचले असते. माझ्या अंगाची नुसती लाहीलाही झाली.

वादन संपलं. शेवटी चिझु अगदी हळू काहीतरी बोलते.

“ती काही म्हणाली का, भावजी?”

तोशिरोंनी मान खाली घातली. त्यांच्या कानांनी सगळं ऐकलं होतं. ते बाईंच्या कानाशी वाकले. “म्हणाली, ‘ताईला आवडेल ना?’”

“आवडलं गं,” बाई फोटोकडे बघून म्हणाल्या. “पुन्हा लावा, भावजी.”

ते तीन शब्द तीन वर्षं उदबत्तीच्या धुरात पडून होते, याचा राग मला अजून येतो. माझ्यावरची धूळ पुसली नाही तरी चालेल, मित्रांनो. पण आपल्या माणसाचा आवाज घरात असेल, तर मिळेल त्या डब्यावर लावा आणि ऐका. आजच ऐका!