तेवढंच पाणी

पुस्तकात ठाम लिहिलं होतं की सहा-सात वर्षांच्या आतल्या मुलाला हे कळत नाही. आणि साडेचार वर्षांची प्रियदर्शिनी समोर मांडी घालून सांगत होती, "तेवढंच हाय की, बाई."

वैजयंतीने दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घेतलं होतं. मग एका पेल्यातलं पाणी घरून आणलेल्या सरबताच्या उंच ग्लासात ओतून विचारलं होतं, "आता कशात जास्त?" बालवाडीतल्या बाकीच्या अकरा पोरांनी उंच ग्लासाकडे बोट केलं, अगदी पुस्तकाबरहुकूम.

"कशावरून तेवढंच?" वैजयंतीने विचारलं.

"तुमी माझ्यासमोरच वतलं न्हवं का? सांडलं न्हाई, कुनी प्यालं न्हाई. मग जास्त कसं हुईल?"

त्या दिवशी वैजयंतीला आकाश ठेंगणं झालं. चौऱ्याण्णव सालची गोष्ट. कोपरखैरण्यातल्या सोसायटीच्या ऑफिसात सकाळी ती बालवाडी चालवायची आणि पोस्टाने बालशिक्षणाचा एक कोर्स करत होती. कोर्ससाठी एका मुलाचा वर्षभर अभ्यास करून वही भरायची होती. नवरा बेलापूरला नोकरीला, घरात अजून पाळणा हललेला नव्हता, म्हणून दुपार रिकामी असायची. तिने प्रियदर्शिनीची वही भरायला घेतली, आणि भरता भरता त्या पोरीत तिचा जीव गुंतला.

पोरीचा बाप कोंडिबा वाशीच्या मार्केटात माथाडी, मूळचा साताऱ्याकडचा. आई शेवंता रोज लेकीला सोडायला यायची आणि दाराशी घुटमळायची. कारण नंतर कळलं. शाळेत शिकलेलं अक्षर पोरगी घरी जाऊन आईला शिकवायची आणि दुसऱ्या दिवशी आईला पुढचं अक्षर आधीच बघून ठेवायचं असायचं. "आमची मास्तरीन लई कडक हाय, बाई," असं म्हणून शेवंता पदर तोंडाला लावून हसायची.

श्रावणात शेवंताला कावीळ झाली. रिक्षात घालून दवाखान्यात नेली, ती नवव्या दिवशी गेली. क्रियाकर्म गावी झालं. पोरीला तेवढे दिवस शेजारच्या दुर्गाबाईंकडे ठेवलं होतं. कोंडिबा परत आला तो डोकं भादरलेला, सोबत त्याची म्हातारी आई वेणूबाई. तुझी आई गावाला राहिली आहे, बरी झाली की येईल, असं पोरीला सांगितलं गेलं.

मग एका दुपारी कोंडिबा ऑफिसच्या पायरीशी येऊन उभा राहिला. एवढा थोरला गडी, पण नजर वर करेना.

"बाई, पोरीला खरं सांगावं का? तुमी शिकलेल्या. माझं तर डोसकंच चालत न्हाई."

वैजयंतीने पुस्तक उघडलं. लहान मुलाला मृत्यू म्हणजे प्रवास वाटतो, गेलेलं माणूस परत येईल असंच ते धरून चालतं, असं तिथे होतं. पुढचं तिने आपल्या मनाने जोडलं. पोरगी पाण्याच्या बाबतीत पुढे असेल, पण मनाने साडेचार वर्षांचीच ना! "दोन वर्षं थांबा," ती म्हणाली. "आत्ता तिला कळायचं नाही, उगाच घाबरेल." कोंडिबाने हात जोडले. त्या जोडलेल्या हातांनी वैजयंतीला जरा बरंच वाटलं, हे खोटं कशाला बोला?

पुढचे तीन महिने पोरगी शहाण्यासारखी वागली. रडली नाही की हट्ट केला नाही. कुणी विचारलं तर आधी आजीच्या तोंडाकडे बघायची आणि म्हणायची, "आई गावाला हाय." वैजयंतीने वहीत लिहिलं, 'आईच्या गैरहजेरीचा परिणाम दिसत नाही.' खाली रेघही मारली.

नोव्हेंबरात दादरहून कोर्सच्या मॅडम तपासायला आल्या. पाण्याच्या प्रयोगाचं पान वाचून त्यांनी चष्मा काढला. "एवढ्या लहान मुलाला हे जमतच नाही. तुम्ही पढवलं असेल," त्या पोरीच्या देखतच म्हणाल्या. मग स्वतःच पाणी ओतलं.

"सांग बाळ, कशात जास्त?"

प्रियदर्शिनीने ग्लासांकडे पाहिलंच नाही. तिने मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि बोट उंच ग्लासाकडे केलं. "ह्यात."

"बघा," मॅडम हसल्या. पोरीचा गाल त्यांनी कुरवाळला. "वयाप्रमाणे आहे सगळं." वहीत शेरा मारून त्या गेल्या.

वैजयंतीच्या अंगाचा तिळपापड झाला. हात दाखवून अवलक्षण ते हेच. पोरं घरी गेल्यावर तिने प्रियदर्शिनीला थांबवून घेतलं. "तुला येतंय ना हे? मग चुकीचं का सांगितलंस?"

"त्या बाईंना तसंच पायजे हुतं."

"म्हणून खोटं बोलायचं?"

पोरीला हा प्रश्नच समजला नसावा. "मंग आई गावाला हाय म्हन्ते ना मी, तसंच."

वैजयंती तिच्यासमोर खाली बसली. तिने विचारलं, "गावाला नाही?"

"न्हाई." पोरगी सरबताच्या ग्लासातलं पाणी जपून पेल्यात ओतत होती. "बाबा टकला हून आला. आज्जी म्हनली देवाला गेला हुता, तिरुपतीला. मंग लाडू कुटं हाय? दुर्गाबाईंनी आनला हुता तवा आमाला दिला हुता. आन आईचं मंगळसूत्र आज्जीच्या डब्यात हाय. आई आंगुळीला बी काडत न्हवती."

"अगं, मग विचारलं का नाहीस कुणाला?"

"इचारलं की आज्जी रडती. बाबा जेवत न्हाई." तिने पेला खाली ठेवला. थेंबही सांडला नव्हता. "तुमी सांगू नका हां बाबाला, मला ठावं हाय म्हनून."

तीन महिने. एवढीशी पोर तीन महिने एका घरात दोन मोठ्या माणसांना सांभाळत होती, आणि वैजयंती रेघा मारत होती. पोथीतली वांगी पोथीतच ठेवायची असतात, हे तिला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. की कळत असूनही जोडलेले हात बघून ती विसरली होती? तिला स्वतःची चीड आली, आणि त्याहून जास्त रडू आलं.

तिने पोरीचं बोट धरलं आणि तशीच तिच्या घरी गेली. कोंडिबा नुकताच मार्केटातून येऊन भाकरी खायला बसला होता. वेणूबाई गावाहून आलेले शेंगदाणे निवडत होती. वैजयंती उंबऱ्यातूनच म्हणाली, "कोंडिबा, माझं चुकलं. तिला सगळं माहीत आहे. पहिल्यापासून."

कोंडिबाचा घास हातातच राहिला. त्याने लेकीकडे पाहिलं. "पिरू… आई कुटं हाय गं?"

पोरीने एकदा बाईंकडे रागाने पाहिलं, मग आजीकडे, मग बापाच्या ताटाकडे. ताटात अजून अर्धी भाकरी होती.

"गावाला हाय," ती म्हणाली. "तू जेव."

कोंडिबाने ताट बाजूला सारलं आणि तिला ओढून मांडीवर घेतलं. "न्हाई गं बाळा. गावाला न्हाई."

तेव्हा कुठे पोरीने गळा काढला. आई पाहिजे, आत्ताच्या आत्ता पाहिजे, म्हणून ती हातपाय झाडत, बापाच्या छातीवर मुठी मारत रडली. अख्ख्या सोसायटीला ऐकू गेलं. साडेचार वर्षांची पोर रडते, तशीच रडली.