भाजीच्या खणातली झोप

माझ्या मुलाने माझ्याकडून घराची चावी काढून घेतली, कारण मी झाडं फ्रिजमध्ये ठेवली. गोष्ट एवढीच आहे. पण माझा राग अजून उतरलेला नाही, त्यामुळे मी ती लांबवून सांगणार.

शाळेच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं अटेंडंट होते. बाटल्या धुवायच्या, त्यांना चिठ्ठ्या डकवायच्या, बेडूक मोजायचे. तिथल्या एका काचेच्या कपाटात ट्यूबलाइटखाली माशीखाऊ झाडं होती. पानाच्या टोकाला दातेरी जबडा, आत माशी बसून वळवळली की मिटला. निवृत्त झाल्यावरही मी आठवड्यातून दोनदा जाऊन त्यांचं करून यायचे. मागच्या वर्षी ते कपाट मोडीत निघालं आणि पाच झाडं माझ्या घरी आली. आमच्या बिनखिडकीच्या अडगळीच्या खोलीत लोखंडी रॅक, वर दोन ट्यूब, एक टायमर.

आता माझी एक खोड सांगून टाकते. मला थापा मारायला आवडतं. हेडमास्तर एकदा वाकून बघत होते तर झाडाने त्यांच्या मिशीचं डावं टोक धरलं, आणि त्यानंतर आठ दिवस ते झाड छाती काढून सरळ उभं होतं. प्रयोगशाळेतला सांगाडा पगाराच्या दिवशी माझ्या पुढे रांगेत उभा राहायचा. घरात हे सगळ्यांना पाठ आहे. यातलं किती खरं ते मी मुलाला आजवर सांगितलेलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही.

पण पुढचं खरं आहे. या झाडांना थंडीत तीन महिने गार झोप लागते. उबदार घरात, दिव्याखाली वाढणाऱ्यांना थंडी आलेली कळतच नाही. झोप मिळाली नाही तर वर्षा-दोन वर्षांत दमून मरतात. म्हणून काळी पडलेली पानं कापायची, लसणीच्या पाकळीएवढा गड्डा ओल्या शेवाळात गुंडाळायचा, पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवायचा. शाळेत दर वर्षी मी हेच केलं. प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये त्याहून भयंकर वस्तू असायच्या, म्हणून कुणी विचारलं नाही.

घरी महिन्याभराने सूनबाईला भाजीच्या खणात पाच पिशव्या सापडल्या.

"आई, हे काय आहे?"

"झाडं झोपलीत."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण दुसऱ्याच्या आजारी माणसाकडे बघतो. संध्याकाळी मुलगा आला. तो लिफ्ट तपासतो. दिवसभर बटणं दाबून यादीत टीक मारत जायचं, असं काम. घरी येऊनही तो तसाच.

"आई, झाडं कुठे ठेवतात?"

"कुंडीत."

"मग ती फ्रिजमध्ये कशी गेली?"

"चालत," मी म्हटलं. चूक झाली, मान्य आहे. मग नीट समजावून सांगितलं, अगदी मास्तरीण होऊन. तो ऐकत होता, आणि मधेच सूनबाईकडे बघून मान हलवत होता. मी तुला नऊ महिने वागवलं आणि माझ्यासमोर मान हलवतोस, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

चार दिवसांनी मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. "डोळे तपासायचेत," म्हणाला. घरात थापा मारायचा मान माझा असताना त्याने मारलेली ही पहिली थाप, आणि तीही इतकी कच्ची.

डॉक्टरीणबाई आवाज चढवून बोलत होत्या, मी विहिरीत पडल्यासारखं. "तीन शब्द सांगते हं आजी. चावी, बदक, खुर्ची. नंतर विचारीन." मग वार विचारला, शंभरातून सात-सात कमी करायला लावले, घड्याळ काढायला लावलं. मी सगळं केलं.

"तुम्हाला असं काही दिसतं का, जे बाकीच्यांना दिसत नाही?"

"हो," मी म्हटलं. "माझ्या मुलाची अक्कल. मला अधूनमधून दिसते."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग फ्रिजचं विचारलं. मी खरं ते सांगितलं, शब्दाला शब्द. मुलगा मागून हळूच म्हणाला, "लहानपणापासून ऐकतोय मॅडम. ती रचून सांगते." तेही त्यांनी लिहिलं. आणि तीन शब्द विचारायचे विसरल्या.

घरी आलो. माझ्या बटव्यातली चावी गेली, गॅसचा लायटर वरच्या फळीवर गेला, आणि भाजीचा खण रिकामा.

"पिशव्या?"

"सडल्या होत्या आई. टाकल्या," सूनबाई म्हणाली.

रागाचं असं आहे की थोडा असतो तेव्हा तोंडातून बाहेर पडतो, फार असतो तेव्हा पायात उतरतो. कचरा टाकायला जाते असं सांगून तीन जिने खाली गेले आणि सोसायटीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. तीन पिशव्या धड मिळाल्या. उरलेल्या दोन फुटून त्यांत चहाचा चोथा शिरला होता. ते दोन गड्डे हातातच मऊ पडले.

समोरचा केमिस्ट दुकानातून बघत होता. माझ्या झाडांना नळाचं पाणी चालत नाही, त्यातल्या क्षाराने मुळं जळतात, म्हणून डिस्टिल्ड पाण्याचा कॅन मी त्याच्याकडूनच नेते. तो मोजकं बोलणारा माणूस.

"आजी, काय हरवलं?"

"लेकरं सापडली, लेकाची अक्कल हरवलीय. तुझ्या मागच्या खोलीत तो पाण्याच्या बाटल्यांचा फ्रिज आहे ना?"

"आहे."

"दोन महिने तीन पिशव्या ठेव. आणि आमच्या लिफ्टवाल्याला सांगू नकोस."

त्याने पिशव्या नाकाजवळ नेल्या, तोंड वाकडं केलं आणि ठेवल्या. एवढा विश्वास पोटच्या पोराने दाखवला असता तर मी त्याची आयुष्यभर आरती केली असती.

ते दोन महिने सूनबाई मला जिन्यात हात धरून उतरवायची. मुलगा रोज सकाळी विचारायचा, "आई, आज वार कुठला?" मी रोज बरोबर सांगायचे, आणि रोज त्याच्या चेहऱ्यावर यादीत टीक मारल्यासारखं समाधान यायचं. माझ्याच घरात बाहेरून आल्यावर मी बेल दाबून उभी राहायचे.

मग तीन गड्डे आणले, कुंडीत लावले, ट्यूब रोज चौदा तास. तीन आठवड्यांत हिरवे कोंब. आणखी महिन्याने जबडे, आतून लाल. मी मुलाला हाताला धरून अडगळीच्या खोलीत नेलं.

त्याने वाकून एकेक जबडा निरखला.

"नवीन आणलीस का गं?"

माझे कान तापले. "खाली केमिस्टला विचारून ये. आत्ता जा."

तो गेला. वर यायला त्याला वेळ लागला. लिफ्ट चालू होती, तरी जिन्याने आला. दारात उभा राहून म्हणाला, "त्याने माझ्यासमोर फ्रिज उघडून जागा दाखवली. अजून वास येतोय म्हणाला." मग चपलेकडे बघत, "आई, मला वाटलं नेहमीसारखंच..."

"नेहमीसारखं कधी सांगते आणि खरं कधी सांगते, हे पन्नाशीला आलास तरी कळत नाही. आणि माझं डोकं तपासायला निघालास. बस इथे."

तो कुंड्यांपाशी स्टुलावर बसला.

"डॉक्टरीणबाईंनी तीन शब्द दिले होते. सांग."

"मला?"

"तू शेजारीच होतास."

त्याने वर ट्यूबकडे बघितलं, मग रॅककडे. ओठ हलले. "बदक होतं एक," तो म्हणाला.

"चावी, बदक, खुर्ची," मी म्हटलं आणि हात पुढे केला. "बदक आणि खुर्ची राहू दे. पहिली वस्तू दे."