शेगडी इथेच राहणार

रविवारी ट्रक घेऊन येणार आणि आईला शेतावर नेणार, असं दादाने फोनवर परस्पर ठरवून टाकलं. मला विचारायची गरजच काय! म्हणे, नोल्फा, तुझ्या त्या यंत्राच्या खडखडीने म्हातारीच्या डोळ्याला डोळा लागत नाही.

खडखड होती, खोटं कशाला बोलू. चिलीच्या थंड दक्षिणेतल्या कोयाइके गावातलं आमचं घर लाकडाचं, खालची जमीनही फळ्यांचीच. पेलेटची, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या गोळ्या जाळणारी शेगडी बाहेरच्या खोलीत थरथरली की आतल्या खोलीत आईचा पलंग थरथरायचा. पण दादाकडे शेतावर काय आहे? चूल, ओली लाकडं आणि घरभर धूर. आईची छाती धुरानेच गेलेली. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं की आणखी एक हिवाळा धुरात काढलात तर पुढचा दिसायचा नाही. म्हणून मी सरकारी योजनेत नाव घातलं. जुनी चूल भंगारात दिल्याशिवाय नवी शेगडी मिळत नाही, तर बापाच्या वेळची ती बिडाची चूलही देऊन टाकली. दादाने तेव्हा महिनाभर अबोला धरला होता.

शुक्रवारी मेकॅनिक आला. खिशात हात घालून पाच मिनिटं उभा राहिला आणि म्हणाला की या सगळ्या अशाच वाजतात बाई, टीव्हीचा आवाज वाढवा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याला दार दाखवलं आणि ठरवलं, आता मीच बघते.

शनिवारी सकाळी शेगडी विझवली, थंड होऊ दिली, प्लग काढला. घर गारठलं. आई दोन घोंगड्या पांघरून खुर्चीत बसली आणि म्हणाली की मला काही होत नाही, तू तुझं काम कर.

आधी पाय बघितले. पुढचा एक पाय चक्क अधांतरी होता, खालून बोट जात होतं. तो फिरवून टेकवला. मग बाजूचा पत्रा. तो सांगाड्यावर आपटत होता. जुन्या चुलीच्या दाराला लावायची, आगीला न जुमानणारी दोरी मी जपून ठेवली होती. तिचे तुकडे पत्र्यामागे घातले आणि स्क्रू आवळले. शेवटी मागचा, धूर बाहेर ढकलणारा पंखा उघडला. बघते तर पात्यांवर राखेचे थर, एकावर जाड, दुसऱ्यावर पातळ. आईने जन्मभर लोकर कातली. तिने मान पुढे काढून बघितलं आणि म्हणाली की चातीवर एका अंगाला सूत जास्त झालं की तीही अशीच नाचते. रंगाच्या ब्रशने मी पातं न् पातं साफ केलं.

शेगडी पेटवली. धडधड गेली, फळ्या गप्प झाल्या. पण वरून बारीक तर्रर्र, तर्रर्र चालूच. मी सगळीकडून दाबून बघितलं, तरी थांबेना. शेवटी खाली बसले आणि रडले, रागाने रडले. उद्या दादा येणार, हे ऐकणार आणि आईला उचलून नेणार.

आई काठी टेकत उठली, शेगडीपाशी आली आणि तिने किटलीवर हात ठेवला. तर्रर्र बंद. किटलीचं झाकण! या शेगडीवर 'माते' या आमच्या कडू चहापुरतंही पाणी तापत नाही, पण किटलीशिवायची चूल आम्हाला कुणाला बघवते? पहिल्या दिवसापासून ती मीच तिथे ठेवली होती. दोघी पोट धरून हसलो, आईला त्यात खोकला आला, आणि किटली मी खाली उतरवली.

दादा आला तो पलंग बांधायची दोरी हातात घेऊनच. शेगडीसमोर थबकला. पेटली आहे का म्हणून विचारलं, काचेतून आग दिसत होती तरी. मग म्हणाला की आज गप्प आहे, चार दिवसांनी पुन्हा बोंबलेल, आणि आईचे कपडे कुठे आहेत.

मी तोंड उघडणार तेवढ्यात आई उठली. कालची किटली तिने उचलली आणि शेगडीवर ठेवली. तर्रर्र, तर्रर्र.

"ऐक," ती दादाला म्हणाली. "तुझ्या बापाची चूल चाळीस वर्षं एकदाही वाजली नाही. गपचूप माझ्या छातीत शिरत राहिली, आणि तिच्याबद्दल कुणी ब्र काढला नाही. ही वाजते, तर वाजू दे. मी कुठेही येणार नाही."

एवढं एका दमात बोलली. मध्ये खोकला आला नाही. माझ्या आधी ते दादाच्या लक्षात आलं असावं, कारण तो दोरी गुंडाळत खाली बसला.

किटली मी दिवसभर उतरवली नाही.