नंबर तेवढा सांगा

मी एक जुनी लाकडी पट्टी आहे, पायाचे माप घेणारी. टाच मागे टेकवायची, पितळी खिट्टी अंगठ्यापर्यंत सरकवायची आणि नंबर वाचायचा, एवढेच माझे काम. त्यासाठी मोज्यांचा वास मात्र सोसावा लागतो. मित्रांनो, हसू नका, तुमच्याच मोज्यांबद्दल बोलते आहे.

एका सुताराने मला शिसवीच्या तुकड्यातून घडवले आणि चपला-बुटांच्या दुकानात आणून दिले. दुकान तेव्हा आप्पांचे होते. आप्पा नेहमी दोन्ही पायांचे माप घेत आणि जो पाय मोठा निघेल त्याच्या मापाचा जोड काढत. या दुकानातला बूट कधी चावत नाही, असे लोक म्हणत आणि मी फुगून जाई. आप्पांनंतर त्यांची मुलगी दुकान बघू लागली. सगळे त्यांना ताई म्हणत.

अलीकडचे मात्र काय सांगू! लोक येत राहिले. पंख्याखाली बसायचे, चार जोड घालून आरशासमोर फेऱ्या मारायचे आणि म्हणायचे, "नंबर तेवढा सांगा." नंबर कळला की तिथेच बसून फोनवर बूट मागवायचे. माझ्या अंगावर पाय ठेवून! वर, आलेला बूट चावला की तो घेऊन ताईंकडेच हजर, जरा सैल करून द्या म्हणून. माझे डोके नुसते तापायचे.

यंदा शाळा सुरू होण्याआधीचा महिना ताईंनी शेवटचा धरला होता. या महिन्यातही विक्री झाली नाही तर दुकान सोडायचे, असे त्यांनी भावाला सांगून टाकले होते. त्यातच एक बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. ताईंनी पाच जोड उघडून दाखवले. बाईंनी फोन काढला आणि नंबर विचारला. मी स्पष्ट बत्तीस दाखवत होते. ताईंनी माझ्याकडे बघितले आणि म्हणाल्या, "एकतीस."

आप्पांच्या दुकानात खोटे माप! मला रागच आला. पण खरे सांगते, बरी खोड मोडली, असेही मनात येऊन गेले.

आठवड्याने त्या बाई परत आल्या. मुलगी लंगडत होती, टाचेचे कातडे सोलवटले होते. या फोनवाल्यांचा काही नेम नाही, आता तुमच्याकडचेच बूट द्या, असे बाई म्हणू लागल्या. म्हणजे ताईंची युक्ती चालली होती. जोड समोर होता, बाईंनी पर्स उघडली होती. ताईंनी मुलीची टाच पाहिली आणि हातातला बूट खाली ठेवला.

"त्यांची चूक नाही. मीच मुद्दाम एक नंबर कमी सांगितला."

बाई लालबुंद झाल्या. "तुमच्या भरवशावर मागवले होते मी."

"भरवसा माझ्यावर, आणि खरेदी त्यांच्याकडे?"

ताईंनी मुलीची माफी मागितली, टाचेला मलमपट्टी केली आणि खरा नंबर सांगितला. बाईंनी तो फोनमध्ये टिपून घेतला आणि मुलीचा हात धरून निघून गेल्या.

महिनाअखेरीस दुकान गेले. मी आता ताईंच्या घरी कपाटावर पडून आहे. मला राग दोघींचाही आहे. ताई माझ्या देखत खोटे बोलल्या, म्हणून त्यांचा. आणि खरे कळल्यावरही बाईंनी फोनच काढला, म्हणून त्यांचा जरा जास्त.

मित्रांनो, माझे एक ऐका. दुकानात माप द्यायला पाय पुढे कराल, तर बूटही तिथूनच घ्या. घ्यायचे नसतील तर पाय पुढे करू नका. तुमच्यासमोर खाली बसणाऱ्या माणसाचे गुडघे दुखतात.