उन्हात ठेवलेली काच

मित्रांनो, काचेचा हा डागाळलेला तुकडा पाहून नाक मुरडू नका. मी एक जुना सौरघट आहे, उन्हातून वीज काढणारा, आकाराने तुमच्या खोडरबराएवढा.

२००६ साली हिंगोलीच्या एका कॉलेजात करुणा मॅडमनी मला घडवलं. काचेवर पॉलिमरचा, म्हणजे एका खास प्लास्टिकचा जांभळट थर आणि त्यावर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. आम्ही स्वस्त, पण कामाला भारी आळशी. शंभर वाटे ऊन पडलं, तरी वीज एका वाट्याचीही होत नसे. ते वाटे वाढवण्यासाठीच मॅडमनी तीन वर्षांची रजा घेतली होती. लोडशेडिंगमुळे यंत्रातली हवा उपसणारा पंप बंद पडून माझी सत्तेचाळीस भावंडं वाया गेली. मला मात्र त्यांनी हॉटप्लेटवर बरोब्बर दहा मिनिटं शेकलं, आणि मीटरवर चक्क तीन वाटे दिसले! मॅडम एकट्याच टाळ्या वाजवू लागल्या. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

पण आमच्या कॉलेजातली मोजणी कोण मानतो? सोमवारी विद्यापीठात ती पुन्हा व्हायची होती. तिथे पास झालो तरच रजा वाढणार होती. दुसरा घट करावा, तर पॉलिमरची कुपी माझ्यातच संपलेली. हवा आणि ओल मला सोसत नाहीत, म्हणून मॅडमनी मला हवाबंद डब्यात घातलं आणि रविवारी सकाळी त्या वारंगा फाट्याजवळ आपल्या आईकडे मुक्कामाला आल्या.

“काय हाय गं डब्यात?” रुक्माबाईंनी विचारलं.

“उन्हावर चालणारी वस्तू हाय, माय. माझी तीन वर्षं हायेत त्यात,” एवढं बोलून थकलेल्या मॅडम आडव्या झाल्या.

लेकीची तीन वर्षं अंधारात कोंडलेली रुक्माबाईंना बघवेनात. त्यांनी डबा उघडला, ओल्या पदरानं मला पुसलं आणि पत्र्यावर वाळत घातलेल्या डाळीशेजारी ठेवलं. सावली आली की त्या मला पुन्हा उन्हात सरकवत. उघड्या हवेतल्या उन्हानं माझा थर फिका पडत चालला होता, आणि मला ओरडता येत नव्हतं.

दुपारी मॅडम उठल्या. रिकामा डबा दिसताच त्या बाहेर धावल्या.

“काहून घाबरतीस? सकाळपासून ऊन पाजून राहिले मी त्याला,” रुक्माबाई कौतुकानं म्हणाल्या.

मॅडम मला हातात घेऊन तिथेच खाली बसल्या.

सोमवारी विद्यापीठाच्या मीटरवर शून्य आलं. रजा संपली, मॅडम पुन्हा अकरावीचे तास घेऊ लागल्या. आता मी त्यांच्या टेबलाच्या खणात पडून असतो. तो खण त्या सहसा उघडत नाहीत.

त्या सोमवारी संध्याकाळी आईनं फोनवर विचारलं होतं, “पास झालं का गं ते?”

“झालं, माय.”

“मंग! म्या उन्हात ठेवलं व्हतं ना!”

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू मायेनं जपायला घ्याल, तर तिला काय सोसतं ते आधी विचारा. आणि एवढी मेहेरबानी करा, रुक्माबाईंना यातलं काही सांगू नका.