आधी नको म्हणायचं

दादाचे सल्ले विमानतळावरच सुरू झाले. चिंगीची जड बॅग ओढत तो म्हणाला, "खोली डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणाला छदाम द्यायचा नाही. मालक परदेशात आहे, किल्ली टपालाने पाठवतो, असं कुणी म्हणालं की समजायचं, लबाड. हीटरचा खर्च भाड्यातच आहे का, ते लिहून घ्यायचं. आणि कॉलेजजवळ शोधायचंच नाही. ट्रॅमच्या शेवटच्या थांब्यापासून शोधत आत यायचं."

"दादा, जरा श्वास घे."

"तोही इथे महाग आहे."

चिंगी त्याची मामेबहीण. ती पुढच्या शिक्षणासाठी या परक्या देशात आली होती आणि दादा सात वर्षांपासून याच शहरात होता. नवी येणारी मुलं आधी त्याला फोन करत, मग आईवडिलांना. त्याच्या सल्ल्यात खोट नसे. कितीतरी जणांना त्याने शहराच्या चारी टोकांना खोल्या मिळवून दिल्या होत्या.

चिंगीची अडचण सरळ होती. सोमवारी कॉलेजात नोंदणी होती आणि तिथे राहण्याचा पक्का पत्ता दाखवावा लागणार होता. पत्ता नसेल तर तिची जागा प्रतीक्षेतल्या दुसऱ्या कुणाला मिळणार होती. दादाचा पत्ता चालला नसता. तो एका बाईंच्या घरात भाड्याने राहायचा, आणि करारात स्पष्ट होतं, पाहुणा फार तर आठवडाभर. तो आठवडा रविवारी संपत होता.

दादाची खोली घराच्या मागच्या अंगाला होती. पलंग, टेबल, आणि नीट न लागणारी एक खिडकी. फटीत त्याने जुने मोजे कोंबले होते.

"मालकीणबाईंना सांगत का नाहीस?"

"कशाला उगीच? मोजे आहेत ना."

खोलीबाहेर अरुंद बोळ, टोकाला न्हाणीघर. मध्ये एक दार होतं. ते कायम बंद असायचं, आणि दादा त्याच्यासमोरून रोज टॉवेल खांद्यावर टाकून जायचा.

पहिली खोली स्वस्त निघाली. दादाने सांगितल्याप्रमाणे चिंगीने कपाट पुढे ओढलं, तर मागची भिंत बुरशीने काळी पडलेली. दुसऱ्या खोलीचे फोटो राजवाड्यासारखे होते आणि मालक खरोखरच परदेशात होता. "बघ," दादा खुशीत म्हणाला, "माझा शब्द खोटा ठरतो का?" त्याचा शब्द खरा ठरला, खोली मात्र नव्हती.

तिसरी खोली ट्रॅम चालवणाऱ्या एका बाईंकडे होती. शुक्रवारी संध्याकाळी चिंगी एकटीच बघायला गेली. नळ उघडला, पाणी गरम होतं. कपाट ओढलं, भिंत कोरडी होती. खोली तिला इतकी आवडली की पलंग कुठे सरकवायचा तेही तिने मनात ठरवून टाकलं. परत आल्यावर दादाने सगळं बारकाईने विचारलं.

"कॉफी विचारली का त्यांनी?"

"विचारली. मी नको म्हटलं."

"बरं केलंस. पहिल्याच भेटीत हावरटपणा दिसायला नको."

शनिवारी सकाळी चिंगीच्या फोनवर निरोप आला. खोली तुम्हाला पसंत पडली नाही हे लक्षात आलं, म्हणून दुसऱ्या मुलाला दिली. शुभेच्छा.

चिंगी तडक तिकडे गेली. बाई गणवेशात होत्या, कामावर निघाल्या होत्या.

"मला खोली आवडली होती," चिंगी दारातच म्हणाली.

"आवडली होती? मी कॉफी विचारली, तू नको म्हणालीस. टेबल देऊ का म्हटलं, नको. जाड पडदा लावून देऊ का, नको. मग विचारलं, खोली हवी का? तर म्हणालीस, बघू, तुमची गैरसोय नको. मला वाटलं, पोरीला तोंडावर नाही म्हणवत नाहीये."

"आमच्याकडे आधी नको म्हणतात."

"किती वेळा?"

"दोनदा. तिसऱ्यांदा आग्रह झाला की घ्यायचं."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. "बाळ, मी ट्रॅम चालवते. थांब्यावरच्या माणसाने हात केला नाही तर मी पुढे जाते. तीनदा वळसा घालून येत नाही."

खोली गेली होती. त्या मुलाला शब्द दिला होता, आणि तो फिरवणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

दुपारी आईचा फोन आला. सगळं ऐकून ती म्हणाली, "अगं, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. तोंड उघडायचं की नाही?"

"आणि शेजारच्या काकू खाऊ द्यायला लागल्या की पाठीमागून चिमटा कोण काढायचं?"

"तो चिमटा निराळा," आई म्हणाली, आणि जेवलीस का विचारलं.

तसं पाहिलं तर आपण मागायला लाजणारी माणसं नव्हे. देवापुढे उभं राहिलो की बुद्धी दे, यश दे, नोकरी दे, पोराला स्थळ दे, सगळं एका दमात मागून मोकळे होतो. तो जवळचा वाटतो. भिंतीपलीकडच्या माणसाचं दार वाजवायला मात्र हात उचलत नाही.

रविवारी सकाळी चिंगीने बॅग भरली. मग ती स्वयंपाकघराकडे निघाली. मालकीणबाई चष्म्याच्या दुकानात काम करत. आज सुट्टी, म्हणून त्या खिडकीशी बसून स्वतःच्याच चष्म्याची काडी घट्ट करत होत्या.

"अगं, सुट्टीचा दिवस त्यांचा," दादा मागून कुजबुजला. "करारात लिहिलंय. कशाला उगीच?"

चिंगी थांबली नाही. "मला राहायला जागा हवी आहे," ती म्हणाली. "उद्या पत्ता दाखवला नाही तर माझा प्रवेश जाईल. तुमच्या ओळखीत खोली आहे का? नसेल तर आणखी थोडे दिवस इथे राहू का?"

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवून तिला नीट पाहिलं. "ओळखीत कशाला? बोळातली आहे ना. मुलगा लग्न करून गेला तेव्हापासून रिकामीच आहे. माझं शिवणाचं मशीन तेवढं हलवावं लागेल. भाडं तुझ्या भावाइतकंच. पत्त्याच्या कागदावर आत्ताच सही करते."

दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. "तुम्ही कधी बोलला नाहीत," तो म्हणाला.

"तू कधी विचारलं नाहीस. सात वर्षांत तुला काही म्हणजे काही लागलं नाही. असा सुखी भाडेकरू मी दुसरा पाहिला नाही."

त्या उठल्या आणि बोळातलं दार उघडलं. आत कोवळं ऊन होतं, भिंत कोरडी होती, मशीनवर चादर घातलेली होती. दादा उंबऱ्यात उभा राहिला. ज्यांना त्याने शहराच्या टोकांना पाठवलं होतं, ते सगळे बहुधा त्याला एकदम आठवत असावेत.

"कॉफी घेणार?" बाईंनी विचारलं.

"नको, न..." दादा म्हणाला.

"दोघांनाही," चिंगी म्हणाली. "आणि त्याच्या खिडकीला नवी कडी हवी आहे."

बाईंनी खणातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि दादाच्या खोलीत गेल्या. थोड्या वेळाने आतून त्यांचा आवाज आला, "हे मोजे धुवायचे आहेत का?"

दादाने घसा साफ केला. "हो," तो म्हणाला.